पालकांनी सेवा नाकारली

पत्र चार ओळींचे होते आणि त्यातली तिसरी ओळ खोटी होती. चाळीस वर्षे छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका वेचून मुद्रितशोधकाचे डोळे आणि स्वभाव दोन्ही तिखट झाले होते. अर्थ त्याला पहिल्या वाचनातच कळला. संताप पुरता चढायला मात्र तीन वाचने लागली. ‘दूरध्वनीवरून तीन वेळा संपर्क साधला, प्रतिसाद मिळाला नाही, पालकांनी सेवा नाकारली.’

समोर त्याची धाकटी बहीण उभी होती. ती कपडे शिवी, आणि गळ्यातली मोजपट्टी काढायचेही भान न राहून मशीनवरून उठून तशीच आली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तिचा नवरा सुतार; त्यालाही येत नव्हते. त्यांची सात वर्षांची भिंगरी त्यांच्यावरच गेली होती. त्या घरात फोन कधी वाजत नसे, नुसता थरथरे. आणि तो थरथरला म्हणजे कोणाचा तरी निरोप लिहून आला, एवढाच त्याचा अर्थ असे.

भिंगरीच्या वर्गात शाळाखात्याने एक साहाय्यक शिक्षिका दिली होती. गुरुजी बोलत ते ती हातांनी सांगे. वर्ग तिला ‘हातांच्या बाई’ म्हणे. आठ दिवसांपूर्वी त्या बाई यायच्या बंद झाल्या होत्या.

बहिणीने ओठांवर दोन बोटे पिळली. ही तिची ‘दादा’ म्हणायची खूण. दादाने मिशा काढून वीस वर्षे झाली होती. नाव मात्र मिशांचेच राहिले होते.

‘दादा, मी काल खिडकीतून पाहिलं. वर्ग हसला. ती आधी सगळ्यांची तोंडं बघते, आणि मग हसते. थोडी उशिरा.’ तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. ‘मी पण अशीच हसायचे.’

मुद्रितशोधकाने चष्मा पुसला, जो मुळीच मळलेला नव्हता. वर्षाच्या सुरुवातीचा अर्ज त्याला लख्ख आठवत होता. ‘विशेष सूचना’ या रकान्यात बहिणीने लिहिलेली ओळ त्याने रीतीप्रमाणे तपासली होती, चार चुका काढल्या होत्या आणि तिच्याकडून ती पुन्हा लिहून घेतली होती: ‘आम्हां पती-पत्नींना ऐकू येत नाही, कृपया फोन करू नये, लेखी कळवावे.’ त्या ओळीत अनुस्वारदेखील जागच्या जागी होता. लहानपणापासून तिची प्रत्येक चिठ्ठी त्याच्या तांबड्या पेन्सिलीखालून गेली होती. तो त्याला माया म्हणे. ती काय म्हणे ते त्याने कधी विचारले नव्हते.

‘चल,’ त्याने खूण केली. ‘यांची चांगली खरडपट्टी काढतो.’

‘खरडपट्टी नको. बाई हव्यात.’

पत्र धाडणारा ‘विद्यार्थी व कुटुंब साहाय्य कक्ष’ शाळाखात्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचे चित्र आणि खाली ‘फक्त एक फोन करा, आम्ही सोबत आहोत’. समन्वयक तरुण, नीटनेटका आणि असह्य गोड होता.

“बसा काका. काय म्हणतायत ताई?”

“ताई समोर बसल्या आहेत. त्यांना विचारा, मी सांगतो त्यांना.”

“हो, तेच. ताईंना सांगा, आम्ही तीनदा फोन केला. नोंद आहे. कोणी उचललाच नाही.”

“बहिऱ्या माणसाला फोन केलात, आणि त्याने उचलला नाही म्हणून तुम्हाला नवल वाटलं?”

“नियमच आहे काका. दरवर्षी पालकांची तोंडी संमती लागते.”

“तोंडी!” मुद्रितशोधकाने पत्र टेबलावर पसरले. “हे वाक्य बघा. दुसऱ्या स्वल्पविरामापर्यंत ते खरं आहे. पुढे म्हणता, नाकारली. कोणी नाकारली? कोणाजवळ? न उचलणं आणि नाकारणं, यांत फरक आहे की नाही? एका स्वल्पविरामावरून उडी मारून तुम्ही ‘ध’चा ‘मा’ केलात, आणि एका पोरीचं वर्ष कापलंत!”

“शांत व्हा. तो शेरा मी लिहीत नाही. तीन फोन झाले की तो आपोआप पडतो.”

“आणि अर्ज? तोही आपोआप वाचला जातो वाटतं?”

समन्वयकाने संगणकात अर्ज उघडला. ओळ तिथे होती, स्वच्छ, निर्दोष. त्याने ती वाचली आणि त्याचे कान तांबडे झाले. “हा रकाना... आमच्या पडद्यावर येत नाही. दाबून उघडावा लागतो.”

“मग दाबायचा होता.”

बहिणीने टेबलावर थाप मारली. ‘काय चाललंय? मला सांग. तूच भांडतोयस, मी काय मोजपट्टी टांगायचा खुंटा आहे?’

त्याने ओशाळून सारे सांगितले. मग समन्वयक आवाज उतरवून म्हणाला, “एक मार्ग आहे. ताईंच्या नंबरवर मी आत्ता फोन लावतो. उचलला आणि अर्धा मिनिट चालू राहिला की ‘बोलणे झाले’ अशी नोंद पडते. मग मी संमती घेतो. सोमवारपासून बाई परत. आज नाही झालं तर मात्र बाईंना दुसरी शाळा मिळते.”

“म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं खोटं? अहो, काय बोलणे झाले? मी असली नोंद पडू देणार नाही. आधी ती ओळ दुरुस्त करा!”

“जुनी ओळ दुरुस्त होत नाही, काका.”

‘काय म्हणतो?’ बहिणीने विचारले. त्याने सांगितले, आपण नकार दिला, हेही सांगितले. तिने भावाकडे असे पाहिले की तसे चाळीस वर्षांत कोणत्याही लेखकाने त्याच्याकडे पाहिले नव्हते.

‘तुझं शुद्धलेखन नंतर. आधी माझी पोर.’

आणि तिने स्वतःचा फोन टेबलाच्या मधोमध ठेवून समन्वयकाला मानेने खुणावले: लाव.

फोन थरथरला, आणि थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकू लागला. तिने तो उचलून हिरवे बटण दाबले आणि पडदा समन्वयकाकडे करून धरला. सेकंद मोजले जाऊ लागले. समन्वयक सवयीने रिसीव्हर कानाला लावून बसला होता. कोणीच बोलेना. मग बहिणीचा मोकळा हात हलला.

“ती विचारते आहे,” मुद्रितशोधक म्हणाला, आणि या वेळी त्याने स्वतःचा एक शब्दही घातला नाही, “ऐकू येतंय का तुम्हाला?”

समन्वयकाने मान खाली घातली. रिसीव्हर मात्र सोडला नाही. अजून अकरा सेकंद उरले होते.

नोंद पडली. संमती तिच्या होकाराने भरली गेली. सोमवारपासून हातांच्या बाई येतील, असा कागद छापून तिच्या हाती आला. तिने तो दोनदा वाचला, घडी करून पिशवीत ठेवला आणि मग पुन्हा बसली.

‘आता ती ओळ.’

“ओळ पुसता येत नाही,” समन्वयक म्हणाला, “पण पालकांचं निवेदन तिला जोडता येतं. हाताने लिहिलेलं असेल तरी चालतं. शिक्का मारून मी ते फाइलला लावतो. ताईंनी सांगावं, काकांनी लिहावं.”

मुद्रितशोधकाने पेन काढले. मनात परिच्छेद जुळून तयारच होता, क्रियापदासह. बहिणीने त्याच्या हातातून पेन काढून घेतले. ती कोपर आडवे धरून, शाळकरी मुलीसारखी कागद झाकून लिहीत राहिली. मग कागद समन्वयकापुढे सरकवला.

‘मला ऐकु येत नाही हे मि फॉर्मवर लिहुन दीलं होतं. तूम्हि वाचलं नाही. मि काहीच नाकारलं नाही.’

समन्वयकाने वाचले. मग संकोचाने कागदावर बोट टेकवले.

“काका, रेकॉर्डला जाणार आहे, म्हणून म्हणतो. तेवढं ‘ऐकू’ दीर्घ करता का? आणि हे ‘दिलं’...”

मुद्रितशोधकाचा हात सवयीने खिशातल्या तांबड्या पेन्सिलीकडे गेला होता. तो तिथेच थांबला. त्या निर्दोष, अनुस्वारासकट शुद्ध ओळीवर आठ महिन्यांत एकाचीही नजर पडली नव्हती.

“नाही,” तो म्हणाला. “आहे तसंच राहील. वाचलंत ना पुरतं?”

“वाचलं.”

“मग मारा शिक्का.”