रडणे : वाक्यात उपयोग करा

सलिमाबाईंनी हुंदका दिला. त्यांच्या पाठीवर ठेवलेला तळहात पल्लवीने तसाच दाबून धरला, डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. पुन्हा.

बाईंनी पुन्हा हुंदका दिला.

व्हरांड्यातून चाललेले शिपाई खंडेराव दारातच थबकले. बाई हुंदके देतायत आणि मुलगी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे, हे पाहून आत जावं की निघून जावं ते त्यांना कळेना.

"काय झालं, बाई?"

"काही नाही खंडेराव. मराठीचा तास चालू आहे."

नाशिकच्या त्या कर्णबधिर शाळेत तेव्हा दहावीला सात मुलं होती. अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती आणि बोर्डाचे फॉर्म आले होते. शाळेची मुलं नेहमी निम्नस्तर मराठी घेत, सोपा पेपर देत आणि बहुतेक सुटत. पल्लवीने मात्र पूर्ण मराठीसमोर स्वतःच्या हाताने खूण केली होती. चांदवडच्या पुढच्या एका खेड्यातून ती सहाव्या वर्षी इथल्या वसतिगृहात आली होती. आता सतरा वर्षांची होती, आणि रद्दीत सापडेल तो कागद वाचायची.

मुख्याध्यापक धनराज सरांनी तिचा सहामाहीचा पेपर सलिमाबाईंच्या पुढे ठेवला होता. ‘रडणे’ या शब्दाचे समानार्थी शब्द तिने चारही बरोबर लिहिले होते. त्यांचा वाक्यात उपयोग करताना मात्र लिहिलं होतं : ‘पेन्सिल हरवली म्हणून स्नेहलने विलाप केला. सासरी जाताना नवरीने भोकाड पसरले.’

सर हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते.

"शब्द पाठ आहेत, बाई, पण कानावरून गेलेले नाहीत. यात तिचा काय दोष? म्हणून म्हणतो, निम्नस्तर भरा. नापास झाली तर घरचे तिला परत पाठवणार नाहीत. अशा चार मुली मी घालवल्यात."

बाईंनी तो पेपर पल्लवीला दाखवला. तिने चुकीची फुली बराच वेळ पाहिली आणि मग वहीवर लिहिलं, ‘गाइडमध्ये सगळ्या शब्दांचा अर्थ एकच दिला आहे. रडणे. मग माझे वाक्य चूक का?’

बाईंनी तो प्रश्न पुन्हा वाचला. त्या मालेगावच्या. घरात उर्दू, मराठी शाळेत शिकलेली, आणि हे शब्द त्यांनीही कधीकाळी असेच एका ओळीत पाठ केले होते. हुंदका निराळा, स्फुंदणं निराळं, हे पुढे कानांनी शिकवलं होतं. कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. जे कुणी सांगत नाही ते या मुलीला कसं सांगायचं?

तेव्हा त्यांनी तिचा हात घेऊन आपल्या पाठीवर ठेवला होता.

हुंदका मध्येच अडकतो, मग एकदम सुटतो. स्फुंदताना श्वासाचे तुकडे पडतात. मुसमुसताना सगळं नाकात असतं, पाठ जेमतेम हलते. पल्लवी हाताने मोजायची, मग बाईंच्या समोर येऊन चेहरा बघायची आणि वहीत टिपून ठेवायची. पाणावणं आणि डबडबणं यांना हाताची गरज पडली नाही. ते ती डोळ्यांनीच ओळखत होती, बाईंपेक्षा बारकाईने.

‘हंबरडा’ या शब्दावर ती थांबली. करून दाखवा, अशी तिने खूण केली.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग फळ्यावर लिहिलं, ‘माझे अब्बा गेले तेव्हा गल्लीतले सगळे यंत्रमाग चालू होते. मागांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तरी अम्मीचा आवाज पलीकडच्या गल्लीत गेला. माग थांबले.’

पल्लवीने ते दोनदा वाचलं. खाली लिहिलं, ‘हा शब्द मी पेन्सिलसाठी वापरणार नाही.’

शुक्रवारी बाईंनी तिला घरचा अभ्यास दिला. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य, गाइडातलं नको, स्वतः पाहिलेलं. शनिवारी सकाळी वही टेबलावर होती.

‘साबण डोळ्यात गेला की वसतिगृहातली छोटी स्नेहल भोकाड पसरते. तिचे सगळे दात दिसतात.

मुलीच्या लग्नाची पत्रिका देताना खंडेरावकाकांचे डोळे पाणावले.

आई मुसमुसते. तेव्हा ती चुलीकडे तोंड करते. तिची पाठ हलते. आईला वाटते, मला कळत नाही.’

बाईंचं लाल पेन तिसऱ्या वाक्यावर थांबलं. शब्द अगदी योग्य वापरला होता. त्यांनी बरोबरची खूण केली.

त्याच दिवशी दुपारी गोजराबाई आल्या. पल्लवीची आई. कांद्याच्या शेडमध्ये निवडायला जायच्या, महिन्यातून एकदा सुट्टी काढून एसटीने यायच्या. फॉर्मवर पालकांची सही लागणार होती म्हणून धनराज सरांनी त्यांना कार्यालयातच बसवलं, आणि पूर्ण मराठी म्हणजे काय, नापास होणं म्हणजे काय, ते नीट समजावून सांगितलं. गोजराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"तुम्ही म्हनाल तसं, सर. आमाला काय कळतं त्यातलं."

पल्लवी सलिमाबाईंच्या शेजारी सगळ्यांचे ओठ बघत उभी होती. ती बाहेर गेली, वही घेऊन आली, आईच्या मांडीवर उघडून ठेवली आणि सलिमाबाईंकडे बोट केलं. वाचून दाखवा.

"पल्लवी, हे राहू दे," बाई म्हणाल्या.

तिने पुन्हा बोट केलं.

"काय लिव्हलंय तिनं?" गोजराबाईंनी विचारलं.

बाईंनी वाचलं. आवाज सपाट ठेवून वाचलं, पेपर तपासताना वाचतात तसं. तिसरं वाक्य संपलं. बाहेर मुलं कबड्डी खेळत होती, त्यांच्या पायांचाच तेवढा आवाज.

"कधीपासून ठावं हाय हिला?" गोजराबाई म्हणाल्या.

बाईंनी पल्लवीला विचारलं. तिने हात कमरेएवढ्या उंचीवर धरला. एवढी होते तेव्हापासून.

गोजराबाईंनी त्या उंचीकडे पाहिलं.

"सासू हिला मुकी म्हनायची. हिच्या देखतच. मला लय लागायचं. मी म्हनायचे, हिला ऐकू येत नाय तेच बरं हाय. येवढं तरी सुख दिलं देवानं." त्यांनी बोटावरचा पदर सोडवला. "आन हे पोर माझ्या पाठीकडं बघत बसलेलं."

सरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. डोळे पुसले, तेही लेकीकडे तोंड करूनच, आणि म्हणाल्या,

"कुठं अंगठा करू?"

"गोजराबाई, नापास झाली तर?"

"झाली तर परत बसंल. मी पाठवीन, तिचा बाप पाठवंल. माझ्या पाठीवरचं वाचती ती, सर. तुमचा पेपर तर कागदावर हाय."

सरांनी शाईचं पॅड उघडलं.

जूनमध्ये निकाल लागला. सातांपैकी सहा मुलं पास झाली. पल्लवीला मराठीत एकसष्ट गुण होते. शाळेतून पूर्ण मराठी घेऊन सुटलेली ती पहिलीच. धनराज सरांनी गुणपत्रिका स्वतः तिच्या हातात दिली, मग नववीच्या मुलांची यादी मागवून घेतली आणि चार नावांपुढे पूर्ण मराठीच्या खुणा केल्या.

गोजराबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

"एकसष्ट म्हंजी शंभरातले?"

"शंभरातले," सर म्हणाले. "फार चांगले आहेत."

"मंग बाकीचे येकुनचाळीस का नाय दिले?"

सर हसले. पल्लवीने आईचे ओठ वाचले आणि तीही हसली, मोठ्याने, आपला आवाज किती मोठा झाला याची फिकीर न करता. गोजराबाईंचा चेहरा मात्र गंभीरच होता. त्यांनी गुणपत्रिका हातात घेतली, उलटीसुलटी केली, एकेका ओळीवरून बोट फिरवलं.

सगळे वर्गातून बाहेर पडायला लागले तेव्हा त्या सलिमाबाईंच्या जवळ आल्या.

"बाई, ही आता कालिजात जानार. लिव्हनार, वाचनार. काय काय लिव्हती ते मला कळाया पायजे. दर टायमाला दुसऱ्याकडनं वाचून घेनं बरं नाय वाटत. मला शिकवाल?"

"मी कशाला? तुमच्या घरात शिक्षिका आहे."

पल्लवी दारातून बघत होती. वाक्य तिच्यापर्यंत पोचलं. तिने आईकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, तासाला उशिरा आलेल्या मुलीकडे बाई पाहतात तसं. मग ती परत आत आली, फळ्यासमोरचा पहिला बाक पुढे ओढला आणि आईला हाताने खूण केली.

बस.