बोडिलच्या दुकानातला नमुना

मित्रांनो, आधी एक अट. तुमची अठरा वर्षं पूर्ण झाली नसतील, तर हे पान उलटून पुढे जा. माझ्या दुकानाच्या दारावरही तसंच लिहिलेलं आहे. बाकीच्यांनी खुर्ची ओढून निवांत बसावं.

डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्गच्या बंदरापासून दुसऱ्या गल्लीत बोडिलचं दुकान आहे, आणि मी त्या दुकानातला एक जुना व्हायब्रेटर आहे. लांबीला बोटभर, रंगाने राखाडी-निळा, अंगावर एकच बटण. माझ्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आहे: 'नमुना. विक्रीसाठी नाही.'

माझा जन्म कारखान्यातला. आधी मी नुसती एक इवलीशी मोटर होतो. मग मला साच्यात ठेवून माझ्याभोवती मऊ सिलिकॉन ओतलं. थंड झाल्यावर एका बाईने मला दिव्याखाली फिरवून पाहिलं, अंगावर कुठे शिवण किंवा कड राहिली नाही ना म्हणून. माझ्या खोक्यात आम्ही बारा भावंडं होतो. बोडिलने खोकं उघडलं तेव्हा मी सगळ्यात वर होतो, म्हणून नमुना झालो. बाकीचे अकरा एकेक करून लोकांच्या घरी गेले. मला त्यांचा हेवा वाटायचा.

दुकान काढण्याआधी बोडिल तीस वर्षं परिचारिका होती. तिच्याकडे येणारे बहुतेक लोक नवखे असत आणि पहिला प्रश्न ठरलेला असे: सगळ्यात चांगला कुठला? बोडिल उत्तर देत नसे. ती मला त्यांच्या तळहातावर ठेवी, मग मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि कसं वाटतं ते विचारी. पुष्कळांना वाटायचं की मोठं आणि जोरदार तेच चांगलं. त्यांना ती सांगायची की पोहायला शिकणारा माणूस आधी गुडघाभर पाण्यात उतरतो. एकोणऐंशी वर्षांच्या एका आजींनी मला नाकाच्या शेंड्याला लावून पाहिलं आणि त्यांना सलग चार शिंका आल्या. त्यानंतर त्या दर नाताळला बोडिलला कार्ड पाठवू लागल्या. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर बोडिल मला कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवायची आणि खिडकीपाशी पांढऱ्या पंच्यावर वाळत ठेवायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग फोनवर चालणारे नवे नमुने आले. मी खणात गेलो, पावतीच्या कागदाच्या गुंडाळ्यांमागे. दोन हिवाळे मी उजेड पाहिला नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी खण उघडला. नवा नमुना फोनशी जोडून घ्यायला तयार नव्हता, आणि समोर लोकरीची टोपी घातलेली एक बाई उभी होती. तिचं नाव मेरेटे. वय सत्तावन्न. बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या उपाहारगृहात ती काम करायची. अर्धा तास तिने नुसत्या मेणबत्त्या पाहिल्या होत्या, आणि बोडिलही विणकामातून मान वर न काढता बसून राहिली होती. शेवटी मेरेटेनेच सांगितलं. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. किरणोपचार झाले, ती बरी झाली. किरणांमुळे योनिमार्ग आखडू नये म्हणून रुग्णालयाने व्यायामासाठी कडक नळ्या दिल्या होत्या. त्या ती दात घासावेत तशा नेमाने वापरत होती. वसंतात डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता नवरा-बायकोने जवळ यायला हरकत नाही. पण नवरा प्रेबेन, जो होड्या दुरुस्त करणारा सुतार होता, तो अकरा महिन्यांपूर्वीच लहान खोलीत झोपायला गेला होता. आपण घोरतो, असं कारण त्याने दिलं होतं.

"कॉफीचा कपसुद्धा तो टेबलावर ठेवतो," मेरेटे म्हणाली. "हातात देत नाही."

"तू विचारलंस त्याला?"

"काय विचारू? मी नासले का, असं?"

बोडिलने मला तिच्या तळहातावर ठेवलं आणि सगळ्यात हळू चालवलं. मेरेटेने दचकून मूठ मिटली. मग बोटं हळूहळू उघडली.

"हे दुखत नाही," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखी. तिचे डोळे भरून आले होते.

तिला लगेच माझ्यासारखा एक नवा घ्यायचा होता. त्या दिवशी बोडिलने विकायला चक्क नकार दिला. तिने मला पुन्हा धुतलं, पुसलं आणि मेरेटेच्या हातात दिलं.

"ह्याला घेऊन जा. फक्त हातावर धरायचा, बाकी कुठे नाही, हा दहा जणांच्या हातातला आहे. प्रेबेनच्या तळहातावर ठेव. सोमवारी परत आण."

"त्याला वाटेल, मी त्याच्या जागी यंत्र आणलं."

"वाटलं तर वाटलं. निदान तुला कळेल तरी."

अशा रीतीने, मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा दुकानाबाहेर पडलो. कोटाच्या खिशात माझ्या सोबतीला खोकल्याची एक गोळी आणि एक भिजका रुमाल होता.

रविवारी दुपारी नेहमीचं जेवण चाललं होतं: राय नावाच्या धान्याचा काळा पाव, खारवलेला मासा, कॉफी. मेरेटेने मला लोण्याच्या भांड्याशेजारी ठेवलं. प्रेबेनची सुरी पावावरच थांबली. त्याने चष्मा लावला आणि माझ्या गळ्यातली चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"नमुना. विक्रीसाठी नाही." मग बायकोकडे पाहून, "चोरलास की काय?"

मेरेटेला हसू फुटलं. पण प्रेबेन हसला नाही. तो उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. मला वाटलं, संपलं सगळं. मेरेटेलाही तसंच वाटलं असावं. ती ताटल्या गोळा करू लागली. एक ताटली तिने दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली.

प्रेबेन परत आला तेव्हा त्याच्या हातात वार्निशचा रिकामा डबा होता. डब्यात कागदी पिशवी, आणि पिशवीत माझ्याच जातीचा एक भलामोठा, चकचकीत लाल प्रकार. स्वयंपाकघरात नव्या रबरी बुटांचा वास पसरला.

"ऑगस्टमध्ये घेतला. महामार्गावरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात." त्याने तो मेरेटेला न देता स्वतःच उलटा-सुलटा केला. "हे बघ, इथे शिवण राहिलीय. बोटाला टोचते. दोनदा धुतला तरी वास जात नाही. होडीच्या फळीला मी असली कड ठेवत नाही, आणि तुला..."

त्याने तो पुन्हा डब्यात टाकला.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला वाटलं असतं, मला घाई झालीय." तो खुर्चीवर टेकला. "उपचार संपल्यावर मी एकदा तुला हात लावला होता. तू अशी दचकलीस, की मी ठरवूनच टाकलं. आपल्यामुळे हिला आणखी दुखायला नको."

मेरेटेने ताटल्या खाली ठेवल्या.

"प्रेबेन, तू डिसेंबरात बाहेरून आला होतास. तुझा हात बर्फासारखा गार होता."

मग प्रेबेनने आपले दोन्ही हात एकमेकांवर चोळले, आणि विचारलं, "आता लावू?"

त्याचं विचारून व्हायच्या आत तिचा तळहात टेबलावर उताणा झाला होता. त्याने मला त्यावर ठेवलं, वर आपला हात ठेवला आणि बटण दाबलं. शेकडो तळहात मी पाहिले होते, पण दोन हातांच्या मध्ये कधी आलो नव्हतो. थोड्या वेळाने ती दोघं मला विसरली. मला बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. मी हळूहळू चालत राहिलो आणि बॅटरी संपल्यावर थांबलो.

सोमवारी मला परत करायला दोघं मिळून आली. प्रेबेनने दुकानातल्या एकेका वस्तूवर सुतारासारखा अंगठा फिरवला, वास घेतला. असं पारखी गिऱ्हाईक आपल्याकडे कधी आलं नव्हतं, असं बोडिल म्हणाली. शेवटी त्यांनी लहान, मऊ, कुठे सांधा नसलेला एक पसंत केला. तो पाण्यात धुता येत होता आणि रेडिओ लावला तर ऐकूही येत नव्हता. सोबत बोडिलने घर्षण कमी करणारं, पाण्यावर आधारलेलं, बिनवासाचं जेल दिलं. सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचं जेल लावायचं नाही, त्याने ती खराब होते, हेही तिने बजावलं. सुरुवात खांद्यावर, पाठीवर करा, म्हणाली. नको म्हटलं की तिथेच थांबायचं. दुखलं तर सोसायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. त्यांनी सोबत आणलेला लाल प्रकार तिने बॅटऱ्या काढून जुन्या विजेच्या वस्तूंच्या पेटीत टाकला.

पुढे त्यांच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असण्याचं कारणही नाही. एप्रिलमध्ये मेरेटे जेलची दुसरी बाटली घ्यायला आली. बाहेर प्रेबेन दोन सायकली धरून उभा होता. जाता जाता ती एवढंच म्हणाली की लहान खोलीत आता टोमॅटोची रोपं लावली आहेत, कारण तिथे ऊन चांगलं येतं.

त्यानंतर बोडिलने मला पुन्हा खणात ठेवलं नाही, पण आता माझी मोटर थकली आहे. चालू केलं की घरघरते, आणि नवखं माणूस त्या आवाजानेच बिचकतं. पुढच्या आठवड्यात माझ्या जागी दुसरा नमुना येईल. तक्रार नाही माझी.

जाण्याआधी एक विनंती मात्र करतो. मित्रांनो, जे घ्याल ते बेताचं घ्या, हातावर धरून बघून घ्या. धुऊन, कोरडं करून ठेवा. आणि जवळच्या माणसाला जे विचारायचं राहिलं असेल, ते आजच विचारा. प्रेबेनला तो प्रश्न ओठांवर आणायला अकरा महिने लागले, आणि मेरेटेने उत्तर द्यायला प्रश्न पुरा होण्याचीसुद्धा वाट पाहिली नाही.