जीपचे छत

हेमांगीने काळ्या पत्र्याखालून तापमापक काढला आणि वहीत आकडा लिहिला. एकसष्ट. शेजारी, तेवढ्याच विटांवर टेकवलेल्या पांढऱ्या फायबरच्या तुकड्याखाली सेहेचाळीस होते. दोन्ही तुकडे सारख्या मापाचे, एका तासापासून सारख्याच उन्हात. पंधरा अंशांचा फरक शेळ्यांच्या लशीला पुरेसा होता. तिच्या नवऱ्याला नव्हता.

"काळाच," भूषण म्हणाला. "वर कॅरिअर, पुढे चार दिवे. पांढरी केली तर अँब्युलन्स वाटेल."

जीप हेमांगीची होती. ती पशुवैद्य झाली तेव्हा दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या वडिलांनी दिलेली. ताडपत्रीचे छत फाटले होते, म्हणून आज ती जळगावला, अजिंठा रस्त्यावर पंडित मिस्त्रींच्या गॅरेजात उभी होती. साक्री तालुक्यात नेमणुकीचा आदेश येऊन पंचवीस दिवस झाले होते. मंगळवारी हजर होण्याची मुदत संपत होती. तिकडच्या पाड्यांवर जायचे तर असलीच गाडी हवी. पण ती जाणार नाही, सासरी रावेरलाच राहील, असे तिचे सासरे नाना आणि घरातले सगळे धरूनच चालले होते. तिने हो म्हटले नव्हते. नाहीही म्हटले नव्हते.

धाकटा दीर तेजस केळी पिकवायचे चेंबर चालवायचा. मोडीत काढलेल्या चेंबरचे जाड फोमचे पॅनल त्याने सकाळीच, तिला न विचारता, जीपला आतून ठोकून घेतले होते. वर काळ्या पत्र्याचे छत बोल्टांवर नुसते बसवले होते. राहिलेल्या फटी सिलिकॉनने बुजवल्या होत्या.

"वहिनी, आपल्या चेंबरात मे महिन्यात सोळा डिग्री असते. याच पॅनलात."

"तिथे मशीन असते, भाऊजी."

"मशीन असतेच. पण पॅनल तो पॅनल. कधी हात लावून पाहा, थंडगार."

हेमांगीने त्याच्याकडे पाहिले. नऊ वर्षे हा माणूस त्या चार भिंतींवर पोट भरत होता, आणि थंडी भिंतीतून येते असे समजत होता. बंद पडलेल्या चेंबरच्या भिंतीला त्याने कधी हात लावला नसावा.

"पॅनल थंडी तयार करत नाही," ती एकदाच म्हणाली. "आत जे आहे ते आत ठेवतो. ऊन असेल तर ऊन, माणसे असतील तर माणसांची धग."

तेजस भावाकडे पाहून हसला. "डॉक्टरीणबाईंनी पुस्तक उघडलं. चल दादा, बसूनच दाखवू."

दोघे पुढच्या सीटवर बसले, दारे लावली, काचा चढवल्या. हेमांगीने वेळ टिपली. तेजसने काचेतून अंगठा दाखवला. भूषणने फोटो काढला. चौथ्या मिनिटाला त्याने रुमाल काढून मान पुसली. सहाव्या मिनिटाला तेजसने शर्टाची वरची बटणे सोडली आणि पुन्हा अंगठा दाखवला. तिचा अंदाज आठ मिनिटांचा होता. दोन भावांत आधी दार उघडून हरायला कोणीच तयार नसणार, हे तिने अंदाजात धरले नव्हते.

पंडित मिस्त्री चहाचे दोन ग्लास घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. पारोळ्याकडचा माणूस, दाढीत पांढरे झालेले, बोलणे अजून गावचे. एक ग्लास त्यांनी तिला दिला आणि जीपकडे पाहत राहिले.

"ताई, गाडी कोनी शे?"

"माझी."

"मंग तुमी काबर काही बोलत नही?"

 तिने चहाचा घोट घेतला, तो फार गरम होता, तरी गिळला. वहीचे पान उलटले. मागच्या पानावरही आकडेच होते, सुबक, एकाखाली एक, तिने कोणाला न दाखवलेले. काचेआड भूषणचा चेहरा लालबुंद झाला होता. आत्तापर्यंत तिला तो बघताना एक गार समाधान वाटत होते. तिने पेनाला टोपण लावले.

अकराव्या मिनिटाला दार उघडले. तेजस आधी उतरला, शर्ट पाठीला चिकटलेला. भूषण उतरला तो सरळ नळाकडे गेला, डोक्यावर पाणी घेतले आणि निथळत परत आला.

"एसी बसवू," तो म्हणाला. "मग प्रश्नच नाही. नाना बोललेत खात्यातल्या साहेबांशी, हिची ऑर्डर आपल्या रावेरला फिरवून घेतील. मग गाडी घरचीच. मिस्त्री, मागची सीट मोठी करा. आई, नाना आरामात बसले पाहिजेत."

"आणि केळीचे व्यापारी आले तर शेत दाखवायला," तेजस म्हणाला.

मिस्त्रींनी टेप काढला. मागच्या बाजूला लावला, पण माप घेतले नाही. त्यांनी हेमांगीकडे पाहिले.

"मांगे कितला मानसं बठतीन, ताई?"

"अरे, सांगितलं ना आत्ता," भूषण म्हणाला.

"कोणी नाही," हेमांगी म्हणाली. "मागची सीट काढून टाका. तिथे लशींची पेटी येईल. हे पॅनल सगळे काढा. छत पांढऱ्या फायबरचे. त्याच्या खाली दोन बोटे मोकळी जागा, मग पातळ फोम. दोन्ही बाजूंना झरोके."

"वहिनी, रागावल्या काय?"

"नाही, भाऊजी."

मिस्त्री जीपच्या मागच्या बाजूला वाकून मापे लिहू लागले. "कधी पाहिजे?"

"सोमवारी संध्याकाळपर्यंत."

"एवढी कसली घाई?" भूषणने केसांतले पाणी झटकले. तो अजून हसत होता.

हेमांगीने चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला आणि त्याच्याकडे वळली.

"मी मंगळवारी साक्रीला हजर होते आहे," ती म्हणाली.