मोहाच्या वाटेवरचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. वयानं म्हणाल तर अजून कोवळाच; पण विकत घेऊन टाकून दिलेली वस्तू जुनीच म्हणायची. पोंभुर्ण्याच्या जंगलात, मोहाच्या वाटेवर, एका खांबाला मी लटकतो.

माझा पत्रा चंद्रपूरच्या जहीरभाईंनी ठोकला. कॅमेरा बसवला त्यांच्या इंजिनिअर लेकीनं, मदीहानं. माझा मेंदू मात्र माझ्यात नव्हता. मी फोटो काढायचो, तो इंटरनेटवरून कुठल्याशा दूरच्या कॉम्प्युटरकडे जायचा. वाघ ओळखायला मदीहानंच त्याला शिकवलं होतं. तिथून निरोप यायचा, 'वाघ आहे, वाजव!' मग मी असा बोंबलायचो की माकडंसुद्धा झाड सोडून पळायची.

पूर्वी बायका जथ्यानं, आरडाओरडा करत मोहफुलं वेचायला जायच्या. मी आलो आणि त्यांचं भेव गेलं. म्हातारी बुधरीबाई माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "भोंगा वाजला नाई, म्हनजे वाघ नाई. जा वो बिनधास्त." मग त्या एकेकट्याही जाऊ लागल्या. मला काय अभिमान वाटायचा!

पुढे एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीनं मदीहाची छोटी कंपनी विकत घेतली. साहेब गावात आले, मला झेंडूचा हार घातला, फोटो काढले. माझ्याच खाली उभं राहून मदीहानं विचारलं, "सर, हे भोंगे चालू राहतील ना? इथी बायका याच्याच भरोशावर जंगलात जाऊन राह्यल्या."

"अहो, बघू की पुढे. आज आनंदाचा दिवस आहे," असं म्हणून साहेबांनी पेढा तोंडात टाकला.

मदीहाला त्यांनी बंगळुरूला नेलं. माझा मेंदूही नेला. तो आता म्हणे मोठ्या दुकानांत चोर ओळखतो. गावाला कुणी काही कळवलं नाही, मला उतरवायलाही कुणी आलं नाही. सोलरवर माझा हिरवा दिवा तेवढा जळत राहिला. मी फोटो काढतो, पाठवतो. उत्तर येत नाही. मेल्यांनो, बंद करायचंच होतं तर दिवा तरी विझवायचा!

परवा वाघ माझ्या समोरून गेला. मी फोटो पाठवला. निरोप आला नाही. थोड्या वेळानं बुधरीबाई आपल्या सुनेबरोबर, सोमारीबरोबर, वाटेपर्यंत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाई वाजला. जाय तू." सोमारी टोपली घेऊन आत गेली. जीव वाचला तिचा, पण उजवा हात गेला.

"काऊन नाई वाजला रे बाबा?" बुधरीबाई खांबाखाली बसून मला विचारत होती. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिला वाटलं, काचेवर धूळ बसली असेल. सोमारीच्या नवऱ्यानं, लहानूनं, शिडी लावून माझी काच पुसली. हिरवा दिवा पाहून सगळे म्हणाले, "झाला दुरुस्त."

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं तुम्हाला शिकवतात. माझी राखू नका. शिडी आणा, मला उतरवा, दगडानं फोडून टाका. आणि लवकर या. आत्ताच लहानूची बहीण रीना माझ्याकडे पाहून एकटीच आत गेली आहे.