अठरा-सहाची पाळी

मी सहावीला गणित शिकवते आणि अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप दिलं नाही की अर्धा गुण कापते. पारनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेतली पोरं त्यावरून माझ्या माघारी काय काय बोलतात, ते मला ठाऊक आहे.

इकडे घरी आमचा कांदा वाळत होता. चुलतदीर गहिनीनाथ भाऊजी आणि आमची विहीर एकच. त्यांची जमीन अठरा एकर, आमची सहा. म्हणून आजेसासऱ्यांनी पाळी लावून दिली: अठरा दिवस पाणी त्यांचं, मग सहा दिवस आमचं. ज्वारी होती तोवर चाललं. यंदा मी हौसेनं कांदा लावला, आणि कांदा काही अठरा दिवस तहान काढत नाही. पात पिवळी पडली होती. आमची पाळी येईतो वाफ्यांत काडीसुद्धा उरली नसती. मधला एक दिवस मागितला तर भाऊजी म्हणाले, वाडवडिलांची वाटणी मोडायची नाही.

त्या रागातच मी फळ्यावर लिहिलं: अठरा छेद चोवीस. पूजा नावाची मुलगी उठली, वर-खाली सहानं भागलं, तीन छेद चार लिहिलं आणि जागेवर जाऊन बसली. मी बघतच राहिले. अहो, वाटणी मोडायची कशाला, संक्षिप्त करायची! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! शाळा सुटली तशी स्कूटी काढली ती थेट भाऊजींच्या बांधावर.

तीन दिवस तुमचे, एक माझा, असं म्हटल्यावर भाऊजी भडकलेच. अठराचे तीन? मास्तरीण झाली म्हणून फसवते काय? माझाही आवाज काही कमी नव्हता. शेवटी मी खाली बसले आणि मांडत गेले: तीन खडे त्यांचे, एक ढेकूळ माझं, पुन्हा तीन खडे, पुन्हा एक ढेकूळ. चोवीस दिवस भरले तशी थांबले. आता तुमचे खडे मोजा म्हटलं.

भाऊजींनी मोजले. अठरा. पुन्हा मोजले, या खेपेला बोट लावून. अठराच.

"म्हंजी माझं काईच कमी झालं न्हाई," ते म्हणाले.

"थेंबभरबी न्हाई."

ते उठले आणि खोरं घेऊन पाटाकडे निघाले.

"आज माझ्या पाळीचा बारावा दिवस," पाटाची माती ओढत ते म्हणाले. "म्हंजी दर चौथ्याच्या हिशेबानं पानी तुझं हाय. जा, दारं धर."

मी चपला तिथंच टाकल्या आणि पाण्याच्या पुढं पळत सुटले.