दोन विहिणींची गोधडी

शाळेतून निवृत्त झाल्यावर अंबिकाबाईंचं ब्लडप्रेशर वाढलं. वर्गभर पोरांना जे जमलं नाही, ते रिकाम्या दुपारींनी करून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, “मन रमेल असं काहीतरी हातकाम घ्या.” अंबिकाबाईंनी लोकर आणली, एक मोजा विणला, आणि दुसरा विणायचा कंटाळा आला म्हणून पहिलाही उसवून टाकला.

त्यातच सून राजेश्वरी बाळंत झाली. तिच्या माहेराहून दवाखाना लांब, म्हणून बाळंतपण श्रीरामपुरातच झालं आणि तिची आई रंगूबाई पाथर्डीकडच्या वाडीवरून इथे आल्या. मुलगा सुहासने आपलं आपण जमवलेलं लग्न. त्यात दोघी विहिणींनी एकमेकींना साडी नेसवली होती आणि नंतर फोनवर ‘बरंय ना, बरंय’ एवढंच. आता एका घरात राहायचं म्हणजे बोलायचं तरी काय, याचीच अंबिकाबाईंना धास्ती.

तो प्रश्न जुन्या साड्यांनी सोडवला. भांडेवालीला द्यायला काढलेला ढीग बघून रंगूबाईंनी कपाळाला हात लावला.

“आवो इहीनबाई, ह्या मऊशार साड्या भांड्यावर घालताय व्हय? बाळाला गोधडी शिवू की!”

झालं. दुपारी बाळ-बाळंतीण झोपली की हॉलमध्ये गोधडी पसरायची. वर रंगीत ठिगळं, खाली जुनं नऊवारी. एका बाजूला रंगूबाई, समोर अंबिकाबाई. कडेने सुरुवात करून धावदोऱ्याची एकेक फेरी आत आत न्यायची. रंगूबाईंची सुई सुरसुर पळायची, अंबिकाबाईंची रांगायची. पण काय गंमत, त्या संथ टाक्यांनी डोकं शांत होऊ लागलं. बीपीची गोळी अर्ध्यावर आली. रंगूबाई ऊसतोडीला गेल्या तेव्हाच्या गोष्टी सांगायच्या, राहायच्या पाचटाच्या कोपीत शिरलेल्या कोल्ह्याची नक्कल करून दाखवायच्या. एकदा अंबिकाबाई इतक्या हसल्या, की सुहास आतून धावत आला. आईला असं हसताना त्याने पाहिलंच नव्हतं म्हणे.

फक्त एक वाक्य अंबिकाबाईंच्या जिव्हारी लागलं होतं.

“गोधडी झाली का म्या निगते,” रंगूबाई म्हणाल्या होत्या. “लेकीच्या घरी लई दिस ऱ्हाऊ न्हाई. आन् ज्वारी काढायला आलीय. ह्यांचा रोज फोन.”

ह्यांचा, म्हणजे पुंजारामांचा. तो फोन वाजला की अंबिकाबाईंना उगाच राग यायचा. आयुष्यभर सहकारी होत्या, शेजारणी होत्या, पण अशी मैत्रीण साठी उलटल्यावर मिळाली, आणि तीही विहीण! ‘राहा’ कसं म्हणायचं? रीत आडवी, मास्तरीणपणा त्याहून आडवा.

मग त्यांनी पहिली खेळी केली. “बाळ काय लहानच राहणार आहे?” म्हणत गोधडी दुप्पट केली. रंगूबाईंनी मुकाट्याने नवी ठिगळं जोडली आणि तीही भराभरा भरत आणली. तेव्हा अंबिकाबाईंनी भलतंच केलं. सकाळी रंगूबाई बाळाला न्हाऊ घालायला मोरीत गेल्या, की या कात्री घेऊन गोधडीपाशी बसायच्या आणि आदल्या दिवशीची फेरी हळूच उसवायच्या. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेली बाई, आता स्वतः कानोसा घेत चोरी करत होती. आणि सुखात होती.

त्या दिवशी मात्र पाणी लवकर संपलं. बाळाला पंच्यात गुंडाळून रंगूबाई बाहेर आल्या, तेव्हा अंबिकाबाईंच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्या हातात लांबलचक निळा दोरा.

“कुठे काय, टाका जरा वाकडा...” अंबिकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कात्री खाली ठेवली. मग एकदम म्हणाल्या, “तुम्ही जाऊ नका हो. मला करमायचं नाही.”

रंगूबाईंनी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसल्या.

“जावं तर लागंल. ज्वारी कुनाची वाट बघत न्हाई. पर तुमी चला ना संगं.”

“विहिणीच्या घरी? लोक काय म्हणतील?”

“म्हनू द्या की. हितं राजेश्वरीजवळ तुमची लेक येनारच हाय रविवारी. तुमाला कुटं पेपर तपासायचेत?”

अंबिकाबाईंनी डोळे पुसले. “पण तुम्हाला राग नाही आला? एवढ्या मेहनतीने घातलेले टाके, आणि मी मेली रोज...”

रंगूबाईंनी गोधडीचा काठ हातात घेऊन दोऱ्याचं टोक दाखवलं.

“कवाधरनं म्या गाठच मारीत न्हाई, इहीनबाई. म्हनलं, तुमचं डोळं दुखत्यात, वढल्यावर दोरा सरळ निगावा.”