मधला नट आधी बघा

मी मॅनिफोल्ड बोलतोय. म्हणजे कोण, असं विचारू नका, डोकं फिरतं माझं. बॉनेट उघडलं की तुम्ही इंजिनाचं कौतुक करता, बॅटरीची विचारपूस करता. त्याच इंजिनाच्या कुशीला चिकटलेला, चार तोंडांचा, काळपट बिडाचा तुकडा आहे ना, तो मी. इंजिनातला जळका विषारी धूर चार तोंडांनी गिळायचा आणि मागे सायलेन्सरकडे लोटायचा, हे माझं काम. सत्तावीस वर्षं गिळतोय. कुणी शाबासकी दिलेली नाही आणि मी मागितलेलीही नाही.

पण परवा मला भंगारात काढायला निघाले होते. ते मात्र मी ऐकून घेणार नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, मी थंड झालो, हातोड्याने वाळू झाडली, झालं बारसं. जन्मतःच एवढं भाजून निघालेल्याला पुढे तापायची भीती कसली? पाच नटांनी मला इंजिनावर आवळलं. दोन या बाजूला, दोन त्या बाजूला आणि एक मधोमध, खालच्या अंगाला, जिथे पाना धड जात नाही. इंजिन आणि माझ्यामध्ये एक पातळ पत्र्याचं पॅकिंग. त्यातून धुराचा कणही बाहेर जाता कामा नये.

गाडी घेतली बाईंनी. त्यांचा ड्रायव्हिंग क्लास आहे. अर्धं गाव आमच्या गाडीवर क्लच दाबायला शिकलं. कुणी पहिल्या गिअरमध्ये चढ चढायचा, कुणी ब्रेक समजून भलतंच दाबायचा, आणि बाई हॉर्नपेक्षा मोठ्याने ओरडायच्या, "चूक झाली ना? मग थांबा, आणि चुकलं म्हणा! पुढे काय रेटताय?"

अकरा वर्षांपूर्वी पॅकिंग बदलायला गाडी मिस्त्रींच्या गॅरेजात गेली. मिस्त्री हाताचे गुणी, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी दहा शिकाऊंची परीक्षा होती आणि बाई घड्याळ बघत खुर्चीत बसल्या होत्या. मधला नट गंजला होता. तेल सोडून तासभर थांबलं असतं तर तो आपण होऊन सुटला असता. मिस्त्रींनी घाईने पिळला आणि नट ज्यावर बसतो तो स्टडच कटकन तुटला. अर्धा इंजिनात, अर्धा हातात.

"झालं का हो?" बाई म्हणाल्या.

"झालंच, बाई. दोन मिनिटं."

मिस्त्रींनी इकडेतिकडे बघितलं, एक नट घेतला आणि तुटक्या जागेवर लेप लावून चिकटवून दिला. दिसायला पाचही नट जागच्या जागी. पाचवा नुसता शोभेला!

तिथून माझे हाल सुरू झाले. मधे धरायला कुणी नाही, म्हणून तापलो की मी मधून उचलला जायचो आणि फटीतून धूर निसटायचा. टक, टक, टक. मी ओरडत होतो हो! पण मिस्त्री काय करायचे? टकटक ऐकली की बाजूचे चार नट आणखी आवळायचे. दुखणं म्हशीला नि इंजेक्शन पखालीला! शेवटी मी वाकलो. माणसं "मोडेन पण वाकणार नाही" म्हणून छाती फुगवतात. मी वाकलो, पण मोडलो नाही. जमतं का बघा तुम्हाला.

धूर गाडीत शिरायला लागला. बाईंचं डोकं दुखायचं. ऐन थंडीत काचा खाली करून शिकवायच्या. मिस्त्रींना विचारलं तर ते खाली बघत म्हणाले, "नंबर वाढला असेल, बाई. डोळे तपासून घ्या." बाईंनी दोनदा चष्मा बदलला!

मग एके सकाळी बाईंकडे गाडी शिकणाऱ्या शिंपीकाकांना सिग्नलवर भोवळ आली. स्टिअरिंगवरच मान टाकली. बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. काकांना घरी पोचवून बाई गाडीत एकट्याच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरे. कुणाचा जीव घ्यायचा नाही मला. क्लास बंद." शनिवारी भंगारवाल्याला यायला सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!

शुक्रवारी भल्या सकाळीच मिस्त्रींची लेक आली. आता गॅरेज तीच बघते. म्हणाली, "बाई, एकदा मला बघू द्या." बाप मागे उभा, फडक्याला हात पुसत. तिने थंड गाडी चालू केली. "बाबा, सायलेन्सरच्या तोंडाला जरा फडकं दाबून धरा." धूर मागे तुंबला तसा तो फटीतून सूं सूं करत सुटला. कानाला रबरी नळी लावून ती माझ्या अंगावरून सरकत आली. पहिला नट, दुसरा नट... मी जीव तोडून शिट्टी मारली. मधे, पोरी, मधे! ती थांबली. गाडी बंद केली आणि दोन बोटांनी मधला नट धरला. तो अलगद हातात आला.

"कुठल्या गाढवाने चिकटवलाय हा?"

मिस्त्रींच्या हातात अजून काळं फडकं होतं. "याच गाढवाने," ते म्हणाले. मग बाईंकडे वळून त्यांनी सगळं सांगितलं, त्या परीक्षेच्या दिवसापासून.

बाई लालबुंद झाल्या. "अहो, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलंत! शिंपीकाका गेले असते म्हणजे? अकरा वर्षं माझ्या तोंडाकडे बघून चहा पीत होतात?"

"चुकलं, बाई."

"ते त्याच दिवशी म्हणायचं होतं. मी पायी गेले असते दहा जणांना घेऊन." बाईंनी तो नट लेकीच्या हातातून काढून घेतला. मग लेकीला विचारलं, "होईल का गं हे?"

"होईल. पण घाई करायची नाही."

तिने मला उतरवलं. मोडका स्टड कोरून काढला, नवा बसवला. जाड काचेवर पॉलिशपेपर पसरून मिस्त्रींनी मला दिवसभर घासलं, पार सपाट होईपर्यंत. सोलून निघालो, पण हूं की चूं केलं नाही. नवं पॅकिंग आलं. या वेळी आधी मधला नट, मग बाजूचे, थोडे थोडे करून. गाडी तापवली, थंड होऊ दिली, पुन्हा आवळले. टकटक बंद!

शनिवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. "कुठंय माल?" बाईंनी त्याच्या तळहातावर तो चिकटवलेला नट ठेवला. "एवढाच." आणि शेजारच्या सीटवर बसून ओरडल्या, "शिंपीकाका, क्लच!"

मी अजून गिळतोय. उद्या पुन्हा टकटक ऐकू आली, तर मला म्हातारा म्हणू नका, बाईंच्या डोळ्यांना बोल लावू नका. मी उगाच ओरडत नाही. पाना घ्या आणि जिथे हात पोचत नाही तिथे आधी बघा.